वातावरणनिर्मिती नावाची पळवाट

ऐतिहासिक कादंबरीवरील परीक्षेच्या उत्तरांचा आपल्याकडे एक ठरलेला साचा आहे. कथानक, पात्रचित्रण, संघर्ष, संवाद, भाषाशैली असे मथळे ओळीने येतात आणि कुठेतरी शेवटाकडे ‘वातावरणनिर्मिती’ हा मथळा येतो. त्याखाली चार ओळी असतात. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्या, घनदाट अरण्ये, काळेकभिन्न कडे यांचे प्रत्ययकारी चित्रण लेखकाने केले असून त्यामुळे तो काळ जिवंत होतो, असे त्या चार ओळी सांगतात. विद्यार्थ्याला गुण मिळतात, परीक्षक पान उलटतो, आणि ज्या जमिनीवर ती लढाई झाली ती जमीन दोघांपैकी कोणीच पाहिलेली नसते. बरेचदा कादंबरीकारानेही पाहिलेली नसते. पण त्याला हा प्रश्न विचारणार कोण? मथळाच त्याच्या मदतीला धावून आलेला असतो.

हा लेख त्या मथळ्याविरुद्ध आहे. युद्धकथेत जमीन ही पार्श्वभूमी नसते, ती घटनेची कर्ती असते. आणि ज्या कादंबरीत ती तशी नाही, तिच्यातले युद्ध म्हणजे दोन भाषणांच्या मधली धावपळ होय, असे माझे म्हणणे आहे. या म्हणण्याच्या समर्थनार्थ मी जिची साक्ष काढणार आहे त्या वस्तूचे नाव ऐकून काहींच्या भुवया उंचावतील. ती वस्तू म्हणजे छोट्या सैनिकांच्या युद्धखेळासाठी घरी, हाताने तयार केलेले जाजम.

ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाश्चात्त्य देशांत, विशेषतः इंग्लंडमध्ये, ‘मिनिएचर वॉरगेमिंग’ हा प्रौढांचा जुना छंद आहे. २८, १५ किंवा ६ मिलिमीटर उंचीचे धातूचे वा प्लॅस्टिकचे सैनिक रंगवायचे, साधारण सहा फूट बाय चार फुटांच्या टेबलावर रणभूमी मांडायची, आणि मोजपट्टी, फासे व नियमावली यांच्या आधारे लढाई खेळायची. या टेबलावर अंथरायचे जाजम आज छापील मिळते. पण अनेक खेळाडू ते अजूनही स्वतः करतात. रंगाऱ्यांचे जाड कॅनव्हास जमिनीवर ताणून पसरायचे. खिडकीच्या फटी बुजवण्यासाठी जे ॲक्रिलिक सीलंट मिळते, त्यात मातकट रंग आणि बारीक वाळू कालवून तो लगदा पत्र्याच्या पट्टीने कापडावर पातळ थापायचा. सीलंट निव्वळ सिलिकोनचे असून चालत नाही, कारण त्यावर रंग धरत नाही. लगदा ओला असतानाच रंगवलेला लाकडाचा भुसा किंवा कृत्रिम गवत त्यावर भुरभुरायचे आणि हाताने दाबायचे. पायवाटा आणि गाड्यांच्या चाकोऱ्या तेवढ्या उघड्या ठेवायच्या. रात्रभर वाळल्यावर सैल भुसा झटकून पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचा फवारा मारायचा. हे जाजम वाळले तरी लवचीक राहते. टेकडी हवी असेल तर खाली पुस्तके किंवा थर्माकोलचे तुकडे ठेवायचे. कापड त्यांच्या अंगावर उतारासारखे पडते.

यात वाङ्मयीन असे काय आहे? सांगतो. हे जाजम करणाऱ्याला पहिल्या तासाभरातच असे प्रश्न पडतात जे आपल्या समीक्षेला पडत नाहीत. गवत कोणत्या महिन्यातले? ओढा कोणत्या बाजूला वाहतो? वाट ओढ्याच्या डावीकडून जाते की उजवीकडून? झाडी इतकी दाट आहे का, की पलीकडची हालचाल दिसू नये? आणि हे प्रश्न सजावटीचे नाहीत. बहुतेक नियमावल्यांत पायदळ मोकळ्या मैदानात जितके इंच चालते त्याच्या निम्मेच झाडीत चालते. चढावर त्याचा वेग घटतो, ओढा ओलांडताना त्याची रांग विस्कटते, टेकाडामागचा शत्रू त्याला दिसत नाही. म्हणजे या खेळात जमिनीचे वर्णन होतच नाही. ती अडवते, लपवते, दमवते, वाचवते. आपल्या उत्तरपत्रिकांत ती विशेषण असते. जाजमावर ती क्रियापद असते.

मी स्वतः उंबरखिंडीचे जाजम करायला घेतले होते. फेब्रुवारी १६६१मध्ये शिवाजीमहाराजांनी कारतलबखानाचे सैन्य कोकणात उतरताना या खिंडीत कोंडले आणि खानाला शरण येणे भाग पाडले, हे सर्वश्रुत आहे. मी उत्साहाने भुसा हिरवागार रंगवला, कापडावर पेरला, आणि सगळे वाळल्यावर माझ्या ध्यानात आले की मी जुलै महिना तयार केला आहे. फेब्रुवारीत सह्याद्रीच्या उतारांवरचे गवत वाळून पिवळट करडे झालेले असते. साग उघडा पडू लागतो. हिरवे उरते ते घळींतले सदाहरित रान. ओढ्यांचे डोह झालेले असतात. हा रंगाचा बारकावा नव्हे. उतार उघडे आणि घळी दाट, असे असेल तर माणसे लपवायची कुठे, हे त्यावर ठरते. पाणी डोहांपुरते उरले असेल तर कोंडलेल्या हजारोंच्या फौजेला किती तास धीर धरवेल, हेही त्यावर ठरते. माझ्या हिरव्या जाजमावर ती लढाई घडूच शकत नव्हती. मग मला प्रश्न पडला की हा हिरवा रंग माझ्या डोक्यात आला कुठून? अर्थात कादंबऱ्यांतून. आपल्या ऐतिहासिक कादंबरीत सह्याद्री बारा महिने हिरवागार असतो.

*

युद्धखेळाच्या जाजमाचे सर्वांत मार्मिक चित्रण इंग्रजी कादंबरीच्या उदयकाळातच झाले आहे, हे साहित्याच्या अभ्यासकांनी तरी विसरू नये. लॉरेन्स स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’ (१७५९–६७) या कादंबरीतील अंकल टोबी १६९५च्या नामूरच्या वेढ्यात जायबंदी झालेला आहे. तो अंथरुणाला खिळलेला असताना भेटायला येणारे लोक त्याला विचारतात की जखम झाली ती कुठे. टोबीला सांगता येत नाही. तट, खंदक, खंदकाबाहेरचा उतार यांच्या नावांत त्याची जीभ अडखळते, तो गोंधळतो, ऐकणारा त्याहून गोंधळतो, आणि या गोंधळापायी त्याची प्रकृती खालावते. म्हणून तो नामूरचा नकाशा मागवतो. नकाशानेही भागत नाही, तेव्हा सेवक ट्रिमच्या सूचनेवरून तो गावाकडे जाऊन हिरवळीच्या मैदानावर खरेखुरे तट आणि खंदक खणू लागतो.

या प्रसंगाकडे विक्षिप्तपणाचा विनोदी नमुना म्हणून पाहण्याची प्रथा आहे. माझ्या मते तो साहित्याच्या मर्यादेविषयीचा एक गंभीर सिद्धान्त आहे. शब्द जिथे जमिनीशी झटापट करताना हरतात तिथून टोबीचे मातीकाम सुरू होते. आणि स्टर्न या मातीकामाला निरुपद्रवीही मानत नाही. छोट्या तोफा ओतण्यासाठी ट्रिम घरातील खिडकीची शिशाची वजने काढून नेतो. ती खिडकी पुढे बालक ट्रिस्ट्रमवर कोसळते. खेळातल्या युद्धालाही घरातून काहीतरी काढून न्यावे लागते, आणि किंमत भलताच मोजतो.

दुसरे उदाहरण कल्पित नाही. कॅप्टन विल्यम सिबॉर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याकडे १८३०मध्ये वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती करण्याचे काम सोपवले गेले. तो त्या रणभूमीवरील ला हे सेंत या शेतघरात कित्येक महिने राहिला आणि त्याने जमीन मोजली. मग त्याने लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवली. तुमची तुकडी कुठे होती, शत्रू कुठे होता, हे त्याने विचारलेच; शिवाय तुमच्या समोरच्या शेतात कोणते पीक उभे होते, हेही विचारले. सेनापतींच्या आठवणींनी भरलेल्या त्या काळात पिकाची चौकशी करणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. सरकारने मध्येच पैसा थांबवला, तो कर्जात बुडाला, १८३८मध्ये लंडनमध्ये प्रतिकृती प्रदर्शित झाली तरी त्याचे नुकसान भरून निघाले नाही. प्रशियाचे सैन्य केव्हा आणि किती पुढे आले होते, यावरून वेलिंग्टनच्या पक्षाशी त्याचा वाद झाला. कारण उघड आहे. वृत्तान्तात ‘मग प्रशियन आले’ असे मोघम लिहून भागते. जाजमावर मूर्ती ठेवायची तर ती कुठल्यातरी एका इंचावरच ठेवावी लागते. ती प्रतिकृती आज लंडनच्या राष्ट्रीय लष्कर संग्रहालयात आहे.

याच रणभूमीवर सिबॉर्नच्या आधी आणखी एक काम झाले होते. ऑरेंजचा राजपुत्र जिथे जखमी झाला त्या जागेचे स्मारक म्हणून १८२६पर्यंत तिथे सुमारे ४० मीटर उंचीची कृत्रिम टेकडी रचण्यात आली आणि तिच्यावर सिंह बसवण्यात आला. टेकडीसाठी माती आणली कुठून? ज्या उंचवट्याच्या आडोशाने वेलिंग्टनचे सैन्य उभे होते, तोच उंचवटा खरवडून. लढाई ज्या चढामुळे जिंकली गेली तो चढ स्मारकाने खाऊन टाकला. आपल्या ऐतिहासिक कादंबरीचे याहून नेमके चित्र मला सुचत नाही. नायकाची टेकडी उंच व्हावी म्हणून आपण त्याच्या पायाखालची जमीन उपसत आलो आहोत. आणि यात नायकाचाच पराक्रम उणा होतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. कारण जमीन वाचता येणे हाच तर त्या पराक्रमाचा गाभा होता.

*

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप हा पोरखेळ असल्याचा. त्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन दावोसला असताना माळ्याच्या जमिनीवर रंगीत खडूंनी डोंगर, नद्या, रस्ते आखून सावत्र मुलाबरोबर असली युद्धे खेळत असे. एच. जी. वेल्सने तर १९१३मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे नियमांचे पुस्तकच लिहिले. पोरखेळ म्हणून नाक मुरडायचे असेल तर ही नावे आधी अभ्यासक्रमातून काढावीत.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. युद्धाचा खेळ करणे म्हणजे युद्धाला गोंडस करणे नव्हे काय? हा आक्षेप मी झटकणार नाही. या खेळाची एक वंशावळ थेट लष्करी आहे. प्रशियात थोरल्या राइसविट्झने आधी ओल्या वाळूत मांडलेला खेळ १८१२मध्ये राजासाठी प्लास्टरच्या सुट्या ठोकळ्यांत घडवला, आणि त्याच्या मुलाने १८२४मध्ये तो १:८००० प्रमाणाच्या नकाशांवर आणून सैन्याच्या हाती दिला. तिथे तो मनोरंजन राहिला नाही. तेव्हा जाजम केल्याने माणूस शांततावादी होतो, असा माझा दावा नाही. शिवाय जाजमावर एक मोठी अनुपस्थिती असते: तिथे शेत असते, शेतकरी नसतो. सिबॉर्नने राय धान्याची चौकशी केली, ते पेरणाऱ्याची केली नाही. पण निदान शेत तरी बनवावे लागते, आणि ते बनवताना ते तुडवले जाणार आहे हे बनवणाऱ्याला ठाऊक असते. आपल्या कादंबरीत शेतही नाही आणि शेतकरीही नाही. घोडदळ दौडत जाते ते कुणाच्या उभ्या पिकातून, हे विचारण्याची सोयच नसते. वेल्सच्या पुस्तकाचा निष्कर्ष असा आहे की खेळातल्या युद्धात माणूस किती घोडचुका करतो हे पाहिल्यावर खरे युद्ध किती मूर्ख असेल याची जाणीव होते. वर्षभरात पहिले महायुद्ध सुरू झाले. त्याचे म्हणणे कोणी ऐकले नाही, म्हणून ते चुकीचे ठरत नाही.

तिसरा आक्षेप वाङ्मयीन आहे आणि मला तो सर्वांत अवघड वाटतो. सिबॉर्नची प्रतिकृती प्रदर्शित झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८३९मध्ये, स्तांदालची ‘पार्माचा मठ’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातला फाब्रिस वॉटर्लूच्या लढाईत भटकतो आणि आपण खरोखर लढाईत होतो की नाही, हेही त्याला कळत नाही. त्या प्रकरणावरून जाजम करता येणार नाही. तरीही ते युद्धचित्रणाचे शिखर मानले जाते. मग माझी कसोटी कोसळते का?

मला तसे वाटत नाही. ती अधिक काटेकोर मात्र करावी लागते. फाब्रिसला नकाशा दिसत नाही, पण जमीन दिसते. नांगरलेल्या शेतातून मातीची ढेकळे उडताना तो पाहतो आणि त्यामागे तोफगोळे आहेत हे त्याला उशिरा उमगते. चिखल, चर, कालवा यांच्याशी त्याची सतत गाठ पडते. तेथे जमीन अनाकलनीय आहे, गैरहजर नाही. तेव्हा कसोटी नकाशा काढता येतो का, ही नव्हे. कसोटी ही, की जमीन पात्रांना विरोध करते का? स्तांदालचे अज्ञान कमावलेले आहे. आपल्या ‘दऱ्याखोऱ्यां’मागचे अज्ञान आयते आहे.

*

आयते या शब्दावरून घराजवळ येतो. ज्याला मी इतका वेळ परदेशी छंद म्हणत आलो तो महाराष्ट्रातल्या मुलांना परका नाही. दिवाळीत अंगणात किल्ला करताना विटा आणि दगड रचून त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट पांघरायचे, वर माती लिंपायची, हळीव किंवा मोहरी पेरून पाणी शिंपडायचे आणि चार दिवसांत उतारावर हिरवळ उगवायची. विलायती जाजमाचे तंत्र याहून तत्त्वतः वेगळे नाही. गोणपाट हेच आपले कॅनव्हास. त्या किल्ल्यावर सिंहासनावरचे महाराज महाद्वारापेक्षा उंच असतात, आणि यावरून मोठी माणसे हसतात. त्यांनी हसू नये. वॉरगेमिंगच्या टेबलावरही मूर्तीचे प्रमाण एक आणि जमिनीचे प्रमाण दुसरेच असते. एकच घर अख्ख्या गावाच्या जागी उभे असते, दहा झाडे म्हणजे अरण्य असते. अंशावरून पूर्णाचा बोध करून देणाऱ्या या युक्तीला आपण काव्यशास्त्रात लक्षणा म्हणतो आणि तिच्यावर टिपा लिहायला लावतो.

आता बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले मिळतात. तीन बुरूज, एक दरवाजा, पायऱ्या, वर भगवा. हा कोणता किल्ला, असे विचारले तर उत्तर नसते, कारण तो कोणताच नसतो. घरात अंगण नाही, आईवडिलांना वेळ नाही, ही कारणे खरी आहेत आणि असा किल्ला विकत घेणाऱ्या कुटुंबाला मी बोल लावणार नाही. छापील जाजम विकत घेणाऱ्या खेळाडूलाही नाही. पण छापील जाजमावर चढ रंगवलेला असतो, सावल्याही छापलेल्या असतात; पाहणाऱ्याला तो प्रश्न विचारत नाही. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले ते ‘लष्करी भूदृश्ये’ म्हणून. त्यांत साल्हेर आहे आणि सिंधुदुर्गही आहे. एक उंच डोंगरावर, दुसरा समुद्रात. लोहगडाचा विंचूकाटा वेगळा आणि प्रतापगडाचे रान वेगळे. भूदृश्य या शब्दात जमीन आधी येते. आपण अभिनंदनाचे फलक लावले आणि पुन्हा तयार किल्ल्याकडे वळलो. तयार किल्ला आणि ‘वातावरणनिर्मिती’ हा मथळा एकाच साच्यातून निघाले आहेत.

केवळ तक्रार करून थांबणे योग्य नव्हे, म्हणून एक सूचना करतो. ऐतिहासिक कादंबरी शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी वर्षातून एकदा, एका लढाईच्या प्रकरणापुरते, वर्गात चार फुटांचे गोणपाट आणि बादलीभर माती आणावी. विद्यार्थ्यांनी फक्त कादंबरीतील मजकुराच्या आधारे ती रणभूमी मांडावी. पाणी कुठे, सूर्य कोणत्या बाजूला, हाक कुठवर ऐकू जाईल, वाट किती माणसे शेजारी चालू शकतील इतकी रुंद, हे मजकुरातून मिळते का ते पाहावे. जिथे मिळेल तिथे लेखकाला दाद द्यावी. जिथे गोणपाट कोरे राहील तिथे ते कोरेच ठेवावे, अंदाजाने भरू नये, आणि त्या कोऱ्या जागेवर टिपण लिहावे. ही कसोटी सगळ्या साहित्याला लावायची नाही. भावकवितेला किंवा मनोविश्लेषणात्मक कादंबरीला ती लावणे हास्यास्पद ठरेल. पण जी कादंबरी आपल्याला लढाई दाखवते असे म्हणते, तिला ती लावण्याचा वाचकाचा अधिकार आहे.

हातांना चिखल लागेल, वर्ग झाडावा लागेल, आणि विभागप्रमुख कदाचित स्पष्टीकरण मागतील. त्यांना सांगावे की आम्ही वातावरणनिर्मिती तपासत होतो.